लोहाची गोळी चालू, तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नाही?

अगं, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.२, गोळ्या नियमित, आणि तरी तपासणीला गेलं की ‘घेत नसशील, टाकून देत असशील’! तुझा प्रश्न वाचून जुना राग पुन्हा डोक्यात गेला. एकेरीत लिहितेय, चालेल ना? मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे. डोस तुझे डॉक्टरच ठरवतील.

आधी हे सांग, लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकदमच घेतेस का?

माझ्या वेळी एका खासगी दवाखान्यात (नाव राहू दे) औषधाच्या खिडकीवरच्या मुलीने दोन्ही स्ट्रिप्स एकाच कागदी पाकिटात कोंबल्या, वर पेनने ‘१-०-१ जेवणानंतर’ खरडलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. झालं. मी इमानेइतबारे जेवण झालं की दोन्ही गोळ्या घ्यायची, वर चहा. कॅल्शियम लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही आणि चहातलं टॅनिन उरलीसुरली वाट लावतं. हिमोग्लोबिन वाढणार कुठून? दर भेटीत तेच ऐकायचं: बीट खा, खजूर खा, पालेभाज्या खा. वर सासूबाईंसमोर ‘हल्लीच्या मुलींना गोळ्या नकोत’. पण गोळ्या कशा घेता, एवढं एक वाक्य कुणी विचारलं नाही. पाकीट तर त्यांच्याच खिडकीवरचं! शेवटी आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी गोळ्या बघायला मागितल्या आणि तिथल्या तिथे दोन वेगळ्या डब्यांत ठेवायला लावल्या.

मग मी घडी अशी बसवली: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. झोपेत मळमळही कमी जाणवते. शी काळी होते, त्याला घाबरू नकोस. थायरॉइडची गोळी असेल तर ती या दोन्हींपासून चार तास लांब.

सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. रक्त कमी होऊ नये म्हणून ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. फुकट मिळते म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. महागड्या स्ट्रिपवर मोठा आकडा दिसला तर तो बहुतेक क्षाराचा, म्हणजे लोह ज्यात असतं त्या अख्ख्या संयुगाचा असतो: २०० मिग्रॅ फेरस फ्युमरेटमध्ये खरं लोह साधारण ६५ मिग्रॅ. ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे खरं लोह किती, तेवढं वाच.

विषयांतर होतंय, पण परदेशातल्या नणंदेने पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या, गरोदर बायकांची प्रोटीन पावडर, कॉड लिव्हर ऑइल, हे सगळं एकावर एक चढवू नकोस. रेटिनॉलच्या रूपातलं जीवनसत्त्व अ जास्त झालं तर बाळात व्यंग होऊ शकतं. तसंच ‘ड’ची ६०,००० युनिटची पुडी शेजारीण घेते म्हणून आणायची नाही. जे काही घेतेस ते सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे टेबलावर ओत, त्यांना आवडो न आवडो.

वेळा नीट पाळूनही महिन्याभरात फरक पडला नाही, तर गोळ्यांचा ब्रँड बदलत बसू नकोस. लोह कमी नसून थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं वाहकपण असू शकतं, म्हणजे स्वतःला मोठा त्रास नाही पण दोष पुढे बाळाकडे जाऊ शकतो. विदर्भ-नंदुरबारकडची असशील तर सिकलसेल हा तसाच आनुवंशिक आजारही. हे दोन्ही ओळखणारी ‘एचपीएलसी’ ही रक्ततपासणी करायची का, हे तूच विचार, कारण डॉक्टर आपणहून विषय काढतीलच असं नाही. त्यात तू वाहक निघालीस तर नवऱ्याचं रक्त लगेच तपासायला लाव. दोघंही वाहक असतील तर बाळाला प्रत्यक्ष आजार होऊ शकतो, म्हणून बाळाच्या तपासणीचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो, आणि तुझा पाचवा महिना आधीच चालू आहे.