पोराला काम द्यायचं, पण कोणतं? : वाचकांचे प्रश्न

लहान मुलांना स्वयंपाकात आणि घरकामात कसं घ्यावं, याबद्दल बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून पत्रं आली. बहुतेक पत्रांत तक्रार एकच: मूल मदतीला येतं आणि काम दुप्पट होतं. थोडं वाढणारच. पण दुप्पट होत असेल, तर मुलाच्या हाती कामाचा चुकीचा तुकडा पडलाय असं समजावं. तो कसा निवडायचा, हे खालच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी भाकऱ्या बडवायला बसले की तिलाही गोळा हवाच असतो. दिला की तिच्या हाताला चिकटतो, थापला की चारी बाजूंनी फुटतो, उचलला की तुकडे. मग रडारड. तिला कणकेचा गोळा दिला तर म्हणते, ‘हे खोटं आहे.’ काय करू?
(एक आई, कडोली)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे, ते खोटंच आहे. घरात सगळे जोंधळ्याची भाकरी खाणार आणि तिच्या हातात कणीक. पण अडचणही खरी आहे. गव्हाची कणीक चुका पोटात घालते, जोंधळ्याचं पीठ घालत नाही. गव्हातलं ग्लूटेन पीठ ताणून धरतं. जोंधळ्यात ते नसतं. तिथे उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. म्हणजे भाकरी जमणं-फसणं बरंचसं थापण्याआधीच ठरलेलं असतं, आणि तो भाग तुमचा आहे.

आधी पीठ बघा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवायची ताकद, गेलेली असते. मोठ्यांचा सरावाचा हात ती कसर भरून काढतो, मुलीचा नाही काढणार. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळून आणा. तिच्यासाठी अर्धी वाटी, म्हणजे साधारण 60 ग्रॅम पीठ वेगळं काढा. त्यात 50 मिलीच्या आसपास खळखळ उकळलेलं पाणी घाला, चमच्यानं हलवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग कोमट पाण्याचा हात लावत तुम्हीच मळा. नव्या-जुन्या पिठाला पाणी कमी-जास्त लागतं, तेव्हा मापापेक्षा बोटावर भरवसा ठेवा: गोळ्यात बोट खुपसून काढलं की खड्डा तसाच राहिला पाहिजे, कडेला भेग जाता कामा नये. गोळा तिच्या हातात देण्याआधी मधोमध मोडून आतला भाग स्वतःच्या मनगटाला लावून बघा. वरून गार झालेला गोळा आत बराच वेळ कढत असतो, आणि हे हमखास विसरतं.

आता तिचा तुकडा. गोळा मोठ्या लिंबाएवढा घ्या, त्याहून मोठा नको. बसवायचं जमिनीवर, ओट्यापाशी स्टुलावर उभं करायचं नाही. परातीखाली ओलं फडकं घाला, म्हणजे परात सरकणार नाही. कोरडं पीठ छोट्या वाटीत एकच चमचा द्या. डबा पुढे ठेवलात तर ती मूठभर पीठ खाली टाकेल. ते गोळ्याच्या कडांत शिरतं, कडा फुटतात आणि उरलेलं तव्यावर जळून धूर होतो. मुलं मधोमध चापट्या मारतात. मध्य पातळ होतो, कडा जाड राहतात आणि तिथेच भेगा पडतात. म्हणून ‘मधे नाही, कडेकडेनं’ एवढंच सांगा आणि भाकरी फिरवत राहायचं काम तुम्ही करा. भेग दिसली की पाण्याचं बोट लावून बुजवायला तिलाच शिकवा. हे काम मुलांना फार आवडतं. भाकरी तळहाताएवढी झाली की थांबायचं.

उचलणं आणि तव्यावर टाकणं तुमच्याकडे. नेहमीसारखी पिठाची बाजू वर करून टाका, तिच्यावर पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकलं की उलटा. उचलतानाच मोडत असेल, तर पुढच्या वेळी ओल्या केळीच्या पानावर थापू द्या. पानासकट तव्यावर पालथी घालायची आणि दोन-चार सेकंदांनी पान सोडवायचं. त्यात कोरडं पीठ लागतच नाही.

आणि ती भाकरी ताटात पडली पाहिजे. वाकडी असली तरी कुणाच्या तरी ताटात, चटणीसोबत. गुपचूप म्हशीच्या पाटीत टाकलेली भाकरी मुलांना बरोबर दिसते.

प्रश्न : रताळी काढणी सुरू झाली की घरात ढीग असतो. पाच वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात, दोघांनाही त्यात हात घालायचा असतो. दोघांकडून एकत्र होईल असा काही पदार्थ सांगा. तळण नको.
(एक आजोबा, बेळगुंदी)

उत्तर : रताळ्याच्या दशम्या करा. पाव किलो रताळी, 50 ग्रॅम चिरलेला गूळ, 150 ते 175 ग्रॅम गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, वेलची असल्यास.

धुण्याचं काम दोघांचं, पण बादलीत नाही. दोन वर्षांचं मूल बादलीत डोकं खाली करून पडलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि बुडायला चार बोटं पाणीही पुरतं. पसरट परात घ्या, पाणी दोन बोटं, एक मोठं माणूस समोर, आणि काम संपल्याबरोबर परात पालथी. घासायला जुना मऊ ब्रश द्या. नुकत्याच काढलेल्या रताळ्याची साल इतकी नाजूक असते की पोरं घासून घासून ती उडवतात. त्याच दिवशी शिजवणार असाल तर हरकत नाही. पण धुतलेली, सोललेली रताळी टिकत नाहीत, लवकर सडतात. म्हणून ढिगातून आज लागतील तेवढीच त्यांच्यापुढे ठेवा.

रताळी अख्खीच, सालीसकट, कुकरमध्ये पाण्याच्या वर चाळणीत ठेवून तीन शिट्ट्या द्या. फोडी करून पाण्यात उकडली तर पाणी पितात, मग पीठ घालून घालून दशमीला रताळ्याची चवच उरत नाही. गार झाल्यावर साल नातवानं हातानं काढायची. नातीच्या पुढे एक रताळं आणि ताटली: तिनं कुस्करायचं. त्यातले दोरे नातू वेचून काढेल. त्याला ‘दोरे मोजून दाखव’ म्हटलं की तो काम सोडून जात नाही.

फसतं ते पुढे. गूळ घातला की लगदा घट्ट दिसतो, म्हणून आपण पीठ बेतानं घालतो. दहा मिनिटांनी गूळ विरघळून पाणी सुटतं आणि गोळा परातीला चिकटतो. तेव्हा आधी रताळं, गूळ, मीठ कालवून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, आणि पीठ त्यानंतरच, लागेल तसं घालायचं. दशमी जाडसर लाटा, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. लाटणं नातवाकडे, तवा तुमच्याकडे, आच मंद. मोठ्या आचेवर गूळ करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं.

चूल असेल तर एक सांगायचंच. विझलेल्या चुलीच्या राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत असतो आणि मुलांना राख थंडच वाटते. जेवणं झाल्यावरही चुलीपुढे पाट आडवा लावा.

भाजलंच तर लगेच वाहत्या नळाखाली 20 मिनिटं धरा. फुगायच्या आत मनगट्या, बांगड्या उतरवा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका, फोड फोडू नका. भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधा यांवर असेल तर 108 ला फोन करून दवाखाना गाठा.

प्रश्न : उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतो. मिरच्यांचे देठ काढताना चार वर्षांच्या मुलानं मदत केली आणि डोळा चोळला. ब्याडगी तिखट नसते म्हणून बसू दिलं होतं. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : पुढच्या वेळी मिरचीपाशी बसवूच नका. ब्याडगी रंगाला घेतात आणि ती कमी तिखट असते, पण ‘कमी’ हे मोठ्यांच्या जिभेचं माप आहे, चार वर्षांच्या डोळ्याचं नव्हे. शिवाय तुमच्याकडे त्याच सुपात तिखट संकेश्वरी मिरचीही असणार. तिखटपणाचा अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. नुसत्या पाण्यानं धुतलेले हात स्वच्छ दिसतात आणि तासाभरानंही झोंबतात. हाताला आधी खायचं तेल चोळायचं, मग साबण, हे दोनदा. डोळ्यात मात्र तेल, दूध काही घालायचं नाही. तिथे फक्त स्वच्छ पाणी, 15 मिनिटं, पापणी उघडी धरून. त्यानंतरही लाली आणि पाणी थांबलं नाही तर डॉक्टर.

मसाल्याच्या दिवशी त्याला धणे निवडायला द्या. पांढऱ्या कापडावर एक वाटी धणे, काड्या आणि खडे वेगळ्या वाटीत. मिरची कांडपाला गेली की ओले हात कोरडे करून तमालपत्रं मोजू द्या. शेंगा फोडायच्या असतील तर जपून: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. फोडायला हवं तर बसू दे, पण दाणे तुमच्या वाटीत पडतील, त्याच्या मांडीवर नाही.

प्रश्न : चाकू कितव्या वर्षी द्यावा? आमच्याकडे विळीच वापरतात.
(एक आई, निपाणी)

उत्तर : विळी नाही. तिचं पातं मुलाच्या तोंडासमोर, जमिनीलगत असतं आणि हात पात्याकडे न्यावा लागतो. काम झालं की पातं मिटून उंचावर ठेवा. अडीच-तीन वर्षांनंतर लोणी लावायची सुरी आणि केळं, मग उकडलेला बटाटा. पाच-सहाच्या पुढे, हात स्थिर असेल तर, चार इंची करवती पात्याचा चाकू आणि काकडी. काकडी आधी तुम्ही उभी दोन भाग करून सपाट बाजू खाली ठेवा. गोल काकडी घरंगळते आणि बहुतेक वेळा बोट तेव्हाच कापतं. धरणाऱ्या हाताची बोटं चोचीसारखी आत वळवायची. फार बोथट चाकूही बरा नव्हे, त्याला जोर लावावा लागतो आणि तो घसरतो.

प्रश्न : मुलगी कन्नड अंगणवाडीत जाते. स्वयंपाकघरात उप्पु, नीरु, बेल्ला म्हणते, मीठ-पाणी-गूळ विसरत चालली. टोकावं का?
(एक आई, खानापूर)

उत्तर : टोकू नका. दोन्ही भाषा तिच्या आहेत, आणि या भागात तिला दोन्ही लागणार आहेत. ती ‘बेल्ला दे’ म्हणाली तर ‘हा घे गूळ, किसून घाल’ एवढं बोलून गूळ द्या. खरं सांगायचं तर नामं हरवत नाहीत, बाजारात गेली की परत येतात. क्रियापदं मात्र मुकाट्यानं जातात. सगळ्यालाच ‘कर’: डाळ कर, पीठ कर, ताक कर. म्हणून हातात काम असताना नेमकं क्रियापद वापरा. डाळ निवडायची, शेंगा सोलायच्या, तांदूळ पाखडायचे, पीठ चाळायचं, कांदा परतायचा, ताक घुसळायचं. हात तेच करत असताना ऐकलेला शब्द मूल विसरत नाही, आणि ‘पाखडणं’ शिकवायला सुपाशिवाय दुसरं साधनही नाही. सूप तिच्या मापाचं घ्या, तांदूळ मूठभर, आणि अंगणात. पहिले चार दिवस निम्मे तांदूळ कोंबड्यांचे.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा केर काढायला मागतो. सासूबाई म्हणतात, पोरग्याच्या हातात केरसुणी नको. शिवाय तो केर सगळ्या घरभर करतो.
(एक सून, येळ्ळूर)

उत्तर : घरभर करतो, कारण केर कुठे न्यायचा हे त्याला दिसत नाही. फरशीवर खडूनं हातभर चौकोन आखा आणि केर त्यात आणायला सांगा. मोठी केरसुणी त्याच्या खांद्याएवढी असते, ती तो ढकलतो, ओढत नाही. जुनी झिजलेली, आखूड झालेली द्या. सुपलीत केर भरणं त्याच्याच्यानं लगेच होणार नाही, सुपली तुम्ही धरा. चौकोन पुसायचं कामही त्याचंच, ओल्या फडक्यानं. आणि चौकोन आखायला खडू सासूबाईंच्या हातात द्या. नातवानं केर रेषेबाहेर ठेवला की ‘अरे, आत आण की’ म्हणून आधी त्याच ओरडतील.