पिकअपचं इंजिन बदललं, आता पासिंग तोंडावर आलंय

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझी २०१२ची डिझेल पिकअप आहे, एमएच १० पासिंगची. स्वतःचा माल आणि गावातल्या दोघा-तिघांचं भाडं मारतो, गाडी मीच चालवतो. अ‍ॅव्हरेज पार घसरलं होतं, धूरही मारत होती. ओळखीच्या गॅरेजवाल्यानं दुसऱ्या कंपनीचं, कमी सीसीचं जुनं इंजिन बसवून दिलं. ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणाला. १ लाख १० हजार दिले, बरेचसे फोनवरून. बिल म्हणजे हातानं लिहिलेली एक चिठ्ठी, तिच्यावर इंजिन नंबर नाही. अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं. पण पुढच्या महिन्यात फिटनेस संपतोय, आणि आता तो म्हणतो की दहा हजारांत जुना नंबर नव्या इंजिनावर पंच करून देतो. माझं जुनं इंजिन अजून त्याच्याकडेच पडून आहे. पतसंस्थेचं कर्ज फिटलंय, पण बोजा आरसी बुकावर तसाच आहे. काय करू?

उत्तर: दादा, आधी त्या नंबर पंच करण्याला स्वच्छ नकार द्या, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या. आज तुमच्याकडून झालाय तो परवानगीशिवाय केलेला बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ ए प्रमाणे त्याला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे गंभीर आहेच, पण सुधारता येतं. नंबर घासून दुसरा ठोकला की प्रकरण फसवणूक आणि बनावटगिरीचं होतं. शिवाय ते इंजिन मुळात कोणत्या गाडीचं हे तुम्हाला माहीत नाही. ते चोरीच्या गाडीतलं निघालं, तर घासलेला नंबर तुमच्याच विरोधात पुरावा म्हणून उभा राहील आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकून घेणार नाही. तपासणीत निरीक्षक आरसीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर ताडून पाहतो. घासलेल्या पत्र्यावरची नवी ठोकणी सरावलेल्या नजरेला कळते.

आता मूळ मुद्दा. कलम ५२ सांगतं की आरसीतले तपशील आणि उत्पादकानं मूळ दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. आरसीत इंजिन नंबरच नाही, तर सिलिंडर किती, सीसी किती, इंधन कोणतं, हेही नोंदलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच रेषा ठाम आखून दिली. मूळ इंजिन फुटलं आणि त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकलं, तर फक्त नंबर बदलतो. अर्ज, पक्कं बिल आणि तपासणी यांवर त्याची नोंद करून घेता येते, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवण्याचं बंधन कायद्यातच आहे. तुमचं इंजिन दुसऱ्या कंपनीचं आणि वेगळ्या सीसीचं आहे. ते नियमित करून घ्यायची वाट मला दिसत नाही. ‘एजंटाकडून होतं’ असं कोणी सांगेल. त्याच्या नादी लागू नका.

कलम ५५ मधली एक तरतूद गाडीमालकांना सहसा माहीत नसते. गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नसेल, तर नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून नोंदणीच रद्द करायची आहे. दंड भरून सुटण्यापुरतं हे प्रकरण नाही, गाडीच जाऊ शकते.

आणि तुम्ही विचारलेलं नाही, तरी मला सगळ्यात जास्त काळजी अपघाताची वाटते. भाडं घेऊन मिरजेकडे जाताना एखादा दुचाकीवाला तुमच्या गाडीखाली आला असं धरा. विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा चेसिस आणि इंजिनाचे छाप घेतो. पॉलिसीवर एक नंबर, गाडीत दुसरा. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथंच अडतो. जखमी किंवा मयताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई देईल, पण कंपनी ‘महत्त्वाची गोष्ट लपवली’ हा बचाव घेईल, आणि बऱ्याचदा निकाल असा लागतो की कंपनीनं आधी पैसे भरायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. भरपाईची रक्कम कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे गोष्ट बागेच्या सातबारापर्यंत येते. डिझेलमध्ये वाचणारे पैसे या जोखमीपुढे काहीच नाहीत. म्हणून फिटनेसला अजून अवकाश असला तरी आजपासून ही गाडी रस्त्यावर काढू नका. आणि फिटनेस संपल्यावर तर कलम ५६ प्रमाणे मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. हंगाम आहे, माल थांबत नाही, हे मला कळतं. भाड्याची गाडी लावा.

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे: जुनं इंजिन अजून जागेवर आहे. ते भंगारात जायच्या आत ताब्यात घ्या. त्यावरचा नंबर आरसीशी जुळवून मोबाइलवर फोटो काढा आणि दुसऱ्या, पक्कं बिल देणाऱ्या गॅरेजमध्ये ते उतरवा. नोझल, पंप, रिंगा, हेड यांचं काम ही दुरुस्ती आहे, कायद्याच्या भाषेतला बदल नाही, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. धूर आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज बऱ्याचदा नोझल आणि पंपातच असतं, हे तुमचा मेकॅनिकही सांगेल. ब्लॉकच गेलेला निघाला, तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा, आणि बसवायच्या आधी आरटीओत जाऊन अर्ज करा. इंजिन जुन्या गाडीतलं असेल तर विकणाऱ्याकडून इंजिन नंबर टाकलेलं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन परत बसवल्यावर बिलात ‘मूळ इंजिन अमुक नंबरचं पुन्हा बसवलं’ असं तारखेसह लिहून घ्या. तपासणीत कोणी विचारलं तर जे घडलं तेच सांगा.

गॅरेजवाल्याचं. त्यानं तुम्हाला ‘आरटीओचं मी बघतो’ असं सांगून बेकायदा काम करून दिलं, ही सेवेतली त्रुटी आहे. आधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा: पैसे परत करा, आपलं इंजिन घेऊन जा. ऐकलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तो म्हणेल गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी वापरलेली गाडी ग्राहक संरक्षण कायदा धंदेवाईक वापरात धरत नाही. तुम्हीच चालवता हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. फोनवरून पाठवलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट काढा. त्याचे व्हॉइस मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. ती चिठ्ठी तर जपून ठेवाच. मात्र एक खरं सांगतो: बदल तुमच्या संमतीनं झालाय, त्यामुळे सगळी रक्कम परत मिळेल अशी हमी मी देणार नाही.

अ‍ॅव्हरेजसाठी कायदेशीर वाट हवी असेल तर सीएनजीचा विचार करा. इंधन बदलण्यासाठी मंजूर किट बसवायला कलम ५२ मध्येच मोकळीक आहे, अटींसह. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची, आणि तीही नेमक्या तुमच्या मॉडेलसाठी, मंजुरी हवी. काम अधिकृत केंद्रातच करायचं, नंतर आरसीवर इंधनाची नोंद आणि विमा कंपनीला पत्र. २०१२च्या डिझेल गाडीवर एवढा खर्च करावा का, हा हिशेब मात्र तुमचा तुम्हीच करा.

राहिला बोजा. पतसंस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणा आणि आरटीओतून बोजा उतरवून घ्या. तो राहिला तर पुढं इंजिनाची नोंद असो की गाडीची विक्री, प्रत्येक अर्जाला पतसंस्थेची ना-हरकत मागतील. हे काम इंजिन गॅरेजमध्ये असतानाच उरकता येईल, गाडी न्यावी लागत नाही.