वाचक विचारतात : पवनचक्कीत सुपरकंडक्टर घातला तर वीज किती वाढेल?

प्रश्न : सुपरकंडक्टरमध्ये रेझिस्टन्स शून्य असतो म्हणे. मग पवनचक्कीच्या जनरेटरमध्ये तांब्याच्या जागी तोच वापरला तर तेवढ्याच वाऱ्यात किती जास्त वीज मिळेल?

उत्तर : खरं सांगू का, फार नाही. या विषयावर काहीही लिहिलं की हेडिंग 'एफिशियन्सी वाढणार' हेच असतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. वाऱ्यातली सगळी ऊर्जा पात्यांना घेताच येत नाही, जास्तीत जास्त ५९.३ टक्के, ही बेट्झची मर्यादा, आणि मागे जनरेटर कुठलाही बसवा ती काही हलत नाही. पात्यांनी जेवढी घेतली तिची वीज करायचं काम आजचा चांगला जनरेटर ९५ टक्क्यांच्या आसपास करतोच आहे, म्हणजे उरले पाचेक टक्के, त्यातला एखाद-दुसरा टक्का वाचवला तरी त्यातली थोडी वीज कूलिंगची मशिनरी खाणारच, कारण सुपरकंडक्टर प्रचंड गार ठेवला तरच रेझिस्टन्स शून्य होतो.

मग एवढा खटाटोप कशाला, तर वजनासाठी. गिअरबॉक्स नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्ह पवनचक्कीत जनरेटर पात्यांच्याच स्पीडने फिरतो, म्हणजे फारच सावकाश. १० मेगावॉटची चक्की मिनिटाला १० फेरे घेत असेल तर शाफ्टवरचा टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, निघतो साधारण ९५ लाख न्यूटन-मीटर (पॉवर भागिले फिरण्याचा वेग, कॅल्क्युलेटरवर करून बघा). एवढा टॉर्क पेलायचा तर एकतर जनरेटर अवाढव्य करा नाहीतर आतलं चुंबकीय क्षेत्र वाढवा, आणि इथे लोखंड आडवं येतं कारण २ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास ते सॅच्युरेट होतं, पुढे कितीही करंट सोडा, हाती फारसं लागत नाही. सुपरकंडक्टरच्या कॉइलमध्ये तेवढ्याच जागेत तांब्याच्या कितीतरी पट करंट मावतो, त्यामुळे लोखंडावर फार अवलंबून न राहता क्षेत्र वाढवता येतं आणि मशीन आकसतं. वर नॅसेल, म्हणजे टॉवरच्या टोकावरची जनरेटरची पेटी, हलकं झालं की खालचा टॉवर, फाउंडेशन, उचलणारी क्रेन, सगळ्यांचाच भार उतरतो, आणि समुद्रातल्या चक्क्यांचा खरा खर्च याच गोष्टींत असतो.

अजून एक, 'शून्य रेझिस्टन्स' हे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, करंटपुरतं खरं. सतत दिशा बदलणारा एसी आला की सुपरकंडक्टरमध्येही लॉसेस होतात. म्हणून बहुतेक डिझाइन्समध्ये चुंबक तयार करणारी कॉइल तेवढी सुपरकंडक्टरची आणि वीज बाहेर काढणारी वाइंडिंग साध्या तांब्याचीच असते.

प्रश्न : हे सगळं गार कसं ठेवणार? टॉवरवर लिक्विड नायट्रोजनची टाकी नेणार का?

उत्तर : नायट्रोजनने भागत नाही. हाय टेम्परेचर म्हणवणारे सुपरकंडक्टर उणे १९६ अंशांवर चालतात हे खरं, पण त्या तापमानाला आणि जोरदार चुंबकीय क्षेत्रात ते करंट फार कमी सोसतात. म्हणून त्यांना ३० केल्विनच्या, म्हणजे उणे २४३ अंशांच्या आसपास नेतात, बंद सर्किटमध्ये हेलियम फिरवणाऱ्या क्रायोकूलरने. या तापमानाला आत शिरलेली एक वॉट उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्रालाही नऊएक वॉट लागतात, प्रत्यक्षात त्याच्या कैक पट. त्यामुळे डिझाइनरचं अर्धं डोकं उष्णता आत येऊ न देण्यातच जातं, व्हॅक्युम आहे, चकचकीत फॉइलचे थर आहेत, पण गोची अशी की तोच थंडगार रोटर, म्हणजे जनरेटरचा फिरणारा भाग, बाहेरच्या गरम शाफ्टला जोडलेला हवा आणि तो प्रचंड टॉर्क त्या जोडातूनच जायला हवा. जोड जाड केला तर उष्णता आत येते, बारीक केला तर तुटतो, म्हणून तिथे धातूऐवजी फायबर कंपोझिटचे भाग वापरून बघतात. माझ्या मते सगळ्यात भारी इंजिनिअरिंग इथेच आहे, कॉइलमध्ये नाही.

प्रश्न : कोणी खरंच बसवलाय का?

उत्तर : हो. युरोपियन युनियनच्या पैशातून झालेला इकोस्विंग प्रोजेक्ट, डेन्मार्कमध्ये थायबोरॉनला, ३.६ मेगावॉटच्या दोन पात्यांच्या चक्कीवर. २०१८ च्या शेवटी जुना जनरेटर काढून हा चढवला, व्यास ५.४ मीटरवरून ४ वर आला. कॉइल गुंडाळायची सुपरकंडक्टरची टेप (पातळ पट्टी) गॅडोलिनियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची. ६५० तासांहून जास्त चालला, ३ मेगावॉटपर्यंत वीज ग्रीडला दिली. टेस्ट म्हणून झकास, पण चक्कीला वीस-पंचवीस वर्षं वाऱ्यात उभं राहायचं असतं, त्यापुढे ६५० तास म्हणजे महिनाभरही नाही.

प्रश्न : घराच्या गच्चीवरच्या छोट्या चक्कीत चालेल का?

उत्तर : नाही. चक्की जेवढी वीज देईल तेवढी, कदाचित जास्तच, कूलरला लागेल.

प्रश्न : रेअर अर्थची गरज यामुळे संपेल का?

उत्तर : संपणार नाही, पण खूप घटेल. आजच्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये निओडिमियम या रेअर अर्थ धातूचे चुंबक टनांच्या हिशेबाने लागतात. सुपरकंडक्टर टेपमध्येही रेअर अर्थ असतं, पण मुख्य थर काही मायक्रॉनचाच, त्यामुळे मामला किलोंवर येतो. मॅग्नेशियम डायबोराइड या दुसऱ्या सुपरकंडक्टरमध्ये तर तेवढंही नाही, फक्त त्याला अजून गार ठेवावं लागतं.

प्रश्न : रूम टेम्परेचर सुपरकंडक्टर सापडला की प्रश्न मिटला ना?

उत्तर : २०२३ मध्ये एलके-९९ नावाचं मटेरियल रूम टेम्परेचरला सुपरकंडक्टर आहे म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, तो दावा इतर लॅब्जच्या तपासणीत टिकला नाही. आणि समजा उद्या खरंच काही सापडलं, तरी त्याची लांबच लांब, वाकवता येणारी तार निघाली पाहिजे आणि जोरदार चुंबकीय क्षेत्रात तिने करंट सोसला पाहिजे. बेडनॉर्झ आणि म्यूलर या शास्त्रज्ञांना १९८६ मध्ये सापडलेलं पहिलं हाय टेम्परेचर मटेरियल सिरॅमिकच होतं, कपबशीसारखं ठिसूळ. त्या जातीच्या मटेरियलची धड टेप हातात यायला पुढे वीसेक वर्षं गेली, आणि ती टेप अजूनही महागच आहे.