वडील गेले, पण डोळ्यांत पाणी आले नाही

आई किंवा वडील गेल्यावर रडू आले नाही, म्हणजे आपले त्यांच्यावर प्रेमच नव्हते का, ही शंका घेऊन येणारी माणसे बहुधा चाळिशी-पन्नाशीतली असतात, आणि ती बोलून दाखवतानाही त्यांना अपराधी वाटत असते. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या गृहस्थांची तक्रार हीच होती. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचे वडील, घरातले आप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे बरीच वर्षे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. ऐंशीच्या घरात असताना ते झोपेतच गेले. माजी सैनिकांनी पुष्पचक्र वाहिले, शोकसभेत एकामागून एक माणूस उठून आप्पांनी केलेली मदत सांगत राहिला. मुलाने तेराव्यापर्यंत मंडप, आचारी, पाहुणे असे सगळे एकट्याने निभावले. ‘‘लोक ज्यांच्याबद्दल बोलत होते, ते आप्पा मला कधी भेटलेच नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘बायको म्हणते, तुम्ही दगड आहात.’’

ज्याच्या अंगावर सगळी व्यवस्था पडते, त्याचे मन त्या काळात भावना बाजूला ठेवते, हे मी वारंवार पाहिले आहे. स्ट्रोब आणि शट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार शोकातला माणूस दुःख आणि व्यवहार यांच्यामध्ये ये-जा करत असतो. तेव्हा कोरडे डोळे हा प्रेमाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. परंतु एवढे सांगून या गृहस्थांना निरोप देणे मला योग्य वाटले नाही, कारण त्यांचे खरे दुखणे वडिलांच्या जाण्याच्या कितीतरी आधीचे होते.

साधारण दहा वर्षांचे असताना त्यांनी एका पहाटे झोपलेल्या आप्पांना हलवून उठवले. आप्पा दचकून उठले आणि डोळे पुरते उघडण्याआधीच त्यांनी मुलाचे मनगट असे पिरगाळले की पोर किंचाळले. त्या दिवसापासून आप्पांनी आपले अंथरूण ओसरीवर, दाराशी हलवले आणि मुलाला पुन्हा कधी शेजारी झोपू दिले नाही. बाप आपल्याला जवळ करत नाही, असाच अर्थ मुलाने लावला आणि तो चाळीस वर्षे तसाच राहिला. दिवाळीत फटाके वाजू लागले की आप्पा मळ्यातल्या विहिरीवरच्या खोपीत जाऊन बसत. घरच्यांना तो त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटे.

आप्पा बांगलादेशच्या लढाईत होते, याहून अधिक घरात कोणाला माहीत नव्हते. म्हणून मी त्यांना वडिलांच्या पलटणीतल्या एखाद्या वृद्ध सोबत्याला भेटायला सुचवले. आप्पा पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. डिसेंबर 1971 मध्ये या पलटणीने आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या दक्षिणेची वाट अडवून धरली होती आणि 10 व 11 तारखांमधल्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी बलुच बटालियनशी तिची घनघोर चकमक झाली होती. सोबत्याने सांगितले की त्या रात्रीनंतर आप्पांच्या अंगाला झोपेत कोणी हात लावत नसे. उठवायचे तर लांबून नावाने हाक मारत. गेलेल्या माणसाला मागाहून निदान चिकटवणे मला मान्य नाही. आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी), म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनावर राहणारा परिणाम, हे निदानच मुळी अमेरिकेतील मानसिक विकारांच्या अधिकृत सूचीत आले ते 1980 मध्ये, मग आपल्या खेड्यातल्या जवानाला त्याविषयी कोण सांगणार होते? मात्र ओसरीवरच्या त्या अंथरुणाकडे मुलाला आता निराळ्या दृष्टीने पाहता आले: स्वतःच्या हातांपासून पोराला जपणारा बाप त्यांना तिथे दिसला.

याच सुमारास आईने ट्रंकेतून जुन्या मनिऑर्डरींच्या खालच्या चिठ्ठ्या काढल्या. संदेशाच्या त्या चिमुकल्या जागेत आप्पांनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘‘बाळाला पावसाआधी वहाणा घेणे. पायाचे माप दोऱ्याने घेऊन पाठवणे.’’ ते वाचून मुलाला रडू आले नाही, संताप आला. ‘‘हे तोंडाने का नाही सांगितले?’’ असे ते माझ्यासमोर जवळजवळ ओरडलेच. मी त्यांना थांबवले नाही. वडिलांवरचा राग हाही शोकच असतो, आणि मृताबद्दल वाईट बोलू नये या आपल्याकडच्या रीतीमुळे तो आतल्या आत कुजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रडू आले ते पुढे, आप्पांचे लष्करी कॅन्टीनचे कार्ड रद्द करून आईच्या नावाने नवे काढण्याचा अर्ज भरताना. ही कागदपत्रे मनाला फार छळतात, पण ती लांबणीवर टाकू नयेत, असे मी प्रत्येक सैनिक कुटुंबाला सांगते. मृत्यूची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत करावी लागते, आणि डिस्चार्ज बुकातले पत्नीचे नाव आधार कार्डाशी जुळत नसेल तर कुटुंब निवृत्तिवेतन अडते. अशा वेळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

ज्यांना रडू येत नाही त्यांनी ते ओढूनताणून आणू नये. मात्र सहा महिने उलटूनही मृताची ओढ किंवा त्याचेच विचार दिवसभर पाठ सोडत नसतील, कामधंदा आणि घर त्यामुळे विस्कटत असेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर तज्ज्ञांना भेटलेच पाहिजे. जगणे नकोसे वाटू लागले तर सहा महिने थांबायचेही कारण नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

या गृहस्थांचा आप्पांवरचा राग पुरता गेलेला नाही आणि तो जायलाच हवा असा माझा आग्रहही नाही. पत्नीला त्यांनी मनगटाची ती गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. आमच्या भेटी सध्या थांबल्या आहेत. दिवाळीचे किंवा डिसेंबरचे दिवस जड गेले तर पुन्हा या, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.