महामंडळ स्वायत्त, मग माहिती मागायची कुणाकडे?

प्रश्न : धरणात शेत गेलं, मोबदल्याची रक्कम अडली आहे. महामंडळ स्वायत्त असतं, तिथे माहितीचा अधिकार चालत नाही, असं गावात सांगतात. खरं का? (अमळनेर तालुका)

उत्तर : खरं नाही. जळगावचं तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ च्या राज्य कायद्यानं स्थापन झालं. निविदा, कामं, कर्ज याबाबत ते स्वतःच्या नावानं व्यवहार करतं, एवढीच त्याची स्वायत्तता. पैसा शासनाचा आणि जन्म कायद्यानं झालेला, म्हणून ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार 'सार्वजनिक प्राधिकरण' (माहिती द्यायला बांधील संस्था) ठरतं.

तुमच्या प्रकरणात कागद दोन दारी असतात, आणि अर्ज बहुधा तिथेच अडकतो. भूसंपादनाचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) महामंडळ करत नाही, तो महसूलकडच्या भूसंपादन अधिकाऱ्याचा. महामंडळ पैसे जमा करतं. म्हणून निवाड्याची प्रत आणि वाटप नोंद भूसंपादन कार्यालयाकडे मागा. रक्कम कधी, किती जमा केली ते पत्र आणि प्रकल्पाची 'सुप्रमा' (सुधारित प्रशासकीय मान्यता) महामंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे मागा. अर्ज दोन वेगवेगळे करा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे.

'मोबदला का दिला नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारी कागद देतो, खुलासा नाही. 'अशी माहिती अभिलेखात नाही' एवढ्यावर तो मोकळा होतो. कागदाचं नाव, गट क्रमांक आणि साल लिहा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरून १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करा, स्टँप २० रुपयांचा. मात्र पोच घेतली नसेल, तर मुदत सिद्ध करताना फजिती होते.

प्रश्न : बाजार समिती, पतसंस्था, अनुदानित शाळा यांनाही हाच नियम? (चोपडा)

उत्तर : बाजार समितीला हो, ती १९६३ च्या कायद्यानं उभी आहे. पतसंस्थेचं तसं नाही. नुसती नोंदणी झाली म्हणून सहकारी संस्था प्राधिकरण होत नाही, त्यासाठी शासनाचा भरीव पैसा किंवा खरं नियंत्रण लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. पण तिचा लेखापरीक्षण अहवाल निबंधकाच्या कार्यालयात जातो, तिथे मागा. शाळेबाबत अनुदान किती हे पाहतात. भरीव अनुदान घेणाऱ्या खासगी संस्थाही कायद्याखाली येतात, हा २०१९ चा निकाल. पगार अनुदानाची माहिती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडेही मिळते. संस्था टाळाटाळ करत असेल, तर आधी तिकडूनच सुरुवात करा.