माल यायला पुढचं वर्ष उजाडतं

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कॅन्सरचे उपचार संपलेले लोक मला सतत एकच विचारतात, "रक्त आलं, म्हणजे परत आलंच ना ते?" सांगलीचा उन्हाळा तापला की जास्तच.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार पत्नीबरोबर आले. (ओळखीचे तपशील बदललेत.) रेडिएशन संपलेलं, तपासण्या चांगल्या. तरी शेंबडात लाल रेघ दिसली की दिवसभर अंथरूण धरायचे.

"मी आधी उशीचा अभ्रा बघते, मग चहा ठेवते," वहिनी म्हणाल्या.

"दादा, रक्त दिसलं की मनात काय येतं?"

"संपलं आता."

"डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून काय सांगितलं?"

"रेडिएशननं आत कोरडं पडलंय. खपली निघाली की रक्त येतं."

"मग 'संपलं' कोण म्हणालं?"

बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, एप्रिलला खरड छाटणी घेतली तर माल यायला पुढचं वर्ष उजाडतं. घेऊ का नको?"

या प्रश्नापर्यंत माणूस स्वतः पोचावा, यासाठीच मी घाई करत नाही. रक्ताच्या धास्तीआड पुढचा हंगाम अडकलेला असतो, हे मी अनेकांत पाहिलंय. मी ठामपणे मानते, की रक्तापेक्षा त्याला लावलेला अर्थ माणसाला खिळवतो. तो अर्थ त्याचा त्यानेच तपासावा लागतो.

पुढचं भवितव्य रुमालावर ठरत नाही. आजार कोणत्या टप्प्यावर सापडला, किती पसरला होता, उपचारांना दाद कशी मिळाली, यावर ठरतं. हा कॅन्सर रेडिएशनला चांगली दाद देतो. लवकर सापडलेल्यांपैकी बहुतेक जण 5 वर्षांनंतरही हिंडते-फिरते असतात.

म्हणून रक्ताकडे काणाडोळा मात्र नको. ते वारंवार किंवा वाढत येऊ लागलं, एका कानाला दडे बसले, मानेत गाठ लागली, एकाचे दोन दिसू लागले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, कांदा हुंगवत वेळ घालवू नका. बसून पुढे वाका, नाकाचा मऊ भाग 10 ते 15 मिनिटं न सोडता दाबा, घशात आलेलं थुंका. तरीही थांबेना, किंवा भळाभळा येऊ लागलं, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. रेडिएशन झालेल्या जागेतून क्वचित मोठा रक्तस्राव होतो. तो घरी आवरत नाही.

दादांनी भीतीपोटी सोडलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं मिठाच्या पाण्यानं नाक धुणं पुन्हा सुरू केलं. रक्त कधी आलं, किती वेळात थांबलं, हे वहिनी वहीत लिहून तपासणीला दाखवतात. छाटणी त्यांनी घेतली, मुलाला हाताशी घेऊन.