क्रॅपी काठ सोडून गेले, म्हणजे वीण संपली का?

शनिवारी काठालगत भरपूर क्रॅपी (अमेरिकेतल्या तलावांतला गोड्या पाण्याचा मासा) लागले, मधे थंडी परतली आणि आता त्याच जागी एकही नाही. तलावाचं कार्यालय पाणी ६२ अंश फॅरेनहाइट सांगतंय, मग वीण संपली का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते संपलेली नाही. नॉर्थ कॅरोलिनात एका तलावावर मी हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. लायसन्स, काठी, दोरी हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

पहिलं म्हणजे, ते ६२ मोजलं कुठे? मला तिथल्या कार्यालयाने (नाव घेत नाही) फोनवर रोज जो आकडा दिला तो धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्याचा होता, आणि हे एकानेही सांगितलं नाही. खोल पाणी उशिरा तापतं. वरच्या अंगाला, ओढे येऊन मिळतात तिथलं उथळ, गढूळ पाणी केव्हाच तापलं होतं. तिथे वीण उरकत आली तरी मला ‘अजून गार आहे’ हेच ऐकवलं जात होतं. त्यात पातळी ‘नॉर्मल’ सांगितली, पण विसर्ग चालू होता. मी पोचलो तेव्हा ज्या मुळांभोवती घरटी असतात ती कोरड्या चिखलात उभी होती. विचारलं तर उत्तर, ‘ते आमच्या खात्यात येत नाही’. अख्खा हंगाम गेला. अंडी वाळून गेली त्याचं दुःख जास्त आहे. तेव्हा साधा थर्मामीटर दोरीला बांधा आणि जिथे गळ टाकणार तिथेच तीन-चार फूट खोलीवर मोजा. दुपारचं वरचं पाणी फसवतं.

आपल्याकडे चढणीचे मासे पहिल्या पावसाची वाट बघतात; क्रॅपीला खूण मिळते ती पाणी तापण्याची आणि दिवस मोठा होण्याची. साधारण ६० ते ६५ अंशांत वीण जोरात असते. नर आधी येतात आणि काळवंडतात: ब्लॅक क्रॅपीचा नर जवळजवळ काळाकुट्ट, व्हाइट क्रॅपी या दुसऱ्या जातीत नराचं डोकं आणि गळा गडद. बुडालेल्या फांद्या, मुळं, लव्हाळं यांच्या आडोशाला तो तळ साफ करतो. ब्लूगिल या दुसऱ्या माशाच्या घरट्यासारखी स्पष्ट गोल खळगी शोधू नका, दिसणार नाही. मादी जवळच्या खोल पाण्यात थांबते, येते, चिकट अंडी घालते आणि निघून जाते. पुढे पंखांनी पाणी हलवत राखण करतो तो नर. पाण्याच्या उबेप्रमाणे दोन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं आणखी थोडे दिवस तिथेच असतात, मग नरही जातो.

थंडी परतली की माद्या मागे सरतात, आणि ज्यांची अंडी अजून पडलेली नाहीत ते नरही. म्हणून त्याच रेषेत आत, पहिल्या उतारावर, सहा ते बारा फूट खोलीवर बघा. पाणी नितळ असेल तर घरटीसुद्धा खोल असतात.

राखणीवरचा नर भुकेपोटी गळाला येत नाही, घुसखोराला हाकलायला येतो. त्यामुळे छोटा जिग (डोक्याला वजन असलेला, नकली आमिषाचा गळ), एक षोडशांश औंस किंवा त्याहून हलका, तरंग्याखाली त्याच्या तोंडासमोर नुसता लटकवून ठेवा. भराभर ओढलात तर घुसखोर गेला असं समजून तो परत वळतो. झटका हलकाच द्या, ओठ कागदासारखा पातळ असतो, फाटतो.

आता माझं वैयक्तिक मत, मी जीवशास्त्रज्ञ नाही. पिढी चांगली निघणं पाण्याची पातळी आणि हवामानावर फार अवलंबून असतं, हे मान्य. तरी एकाच झुडपावरचे सगळे काळे नर उचलू नयेत. नर हटला की ब्लूगिल घरट्यावर तुटून पडतात. मी त्यातले बरेच सोडतो. लांबीची आणि संख्येची मर्यादा तलावागणिक बदलते, ती राज्याच्या चालू नियमांत बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

गाभोळी मिळाली तर फेकू नका. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवा आणि मंद आचेवर तळा. मोठ्या आचेवर ती फुटून उडते.

तुमच्या तलावाचं पाणी किती गढूळ आहे आणि पातळी उतरतेय का, ते कळवा. त्यावरून नेमकी खोली सांगता येईल.